कंसातले नाव

बाबा गेले, त्यानंतर दीड महिन्याने मी वारस नोंदीसाठी तलाठी कार्यालयात गेलो होतो. आमची अडीच एकर धानाची जमीन, नागभीडच्या बाजूला, चार बांध्यांत विभागलेली. उतारे तेव्हा हाताने लिहिले जायचे. फेरफार मंजूर झाला, नवा सातबारा हातात आला, आणि पाहतो तर बाबांचे नाव खोडलेले नव्हते. त्याच्याभोवती कंस पडला होता. खाली आईचे, माझे आणि बहिणीचे नाव. माझा चेहरा पाहून तलाठी म्हणाले, "नाव पुसत नसतो. कंस करतो."

घरी येताना एसटीत तो कागद मी तीनदा उघडला. सातबारा म्हणजे एका पानावर छापलेले दोन नमुने. वरचा गाव नमुना सात: जमीन कोणाच्या नावे, किती, कोणत्या हक्काने. खालचा गाव नमुना बारा: त्या जमिनीत कोणत्या हंगामात काय पिकले. वर धनी, खाली पीक. बाबांनी चाळीस वर्षे लावलेले धान आणि धानानंतरची लाखोळी, जवस हे बाराकडे होते. साताकडे कंस होता. हात तर वैनगंगेच्या काठी जळाले होते. मग ज्याला कंस पडला, तो नेमका कोण होता?

आत्मा, अनात्मा, जीव, पुरुष हे शब्द मी त्याआधीही वाचले होते. ते मला कळू लागले या कागदामुळे. पूर्वेकडच्या दर्शनांमधला 'मी'चा वाद मला तेव्हापासून खातेदाराचा वाद वाटतो. माणूस काही करतो आणि त्याचे फळ कुठेतरी उगवते, हे चार्वाकांसारखे थोडे वगळले तर भारतातल्या बहुतेक सगळ्या परंपरांना मान्य आहे. म्हणजे बारा सगळ्यांना मान्य. भांडण साताबद्दल आहे. हे पीक कोणाच्या नावावर चढते? तो धनी कायमचा आहे, की पिकाबरोबर बदलणारा, की मुळात नाहीच? आणि या प्रश्नाची उत्तरे हिंडून पाहायची तर चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे सोडून बाहेर जावे लागत नाही. मी तेच केले. सलग नाही, जमेल तसे, काही वर्षांत.

सुरुवात भद्रावतीपासून. चंद्रपूरहून वरोऱ्याच्या वाटेवर सव्वीसेक किलोमीटर. जुने नाव भांदक. रेल्वे स्थानकावर अजून तेच आहे. या एका गावात भद्रनागाचे देऊळ आहे, पार्श्वनाथांचे मोठे जैन तीर्थ आहे आणि विजासनच्या टेकडीत कोरलेले बौद्ध लेणे आहे. तिन्ही ठिकाणे पायी एका दिवसात होतात.

जैन मंदिरात बसले की पहिले उत्तर मिळते, आणि ते सर्वांत स्वच्छ आहे: प्रत्येकाचा सातबारा वेगळा. जीव अनंत आहेत, प्रत्येक जीव स्वतंत्र आहे, आणि जाणणे हे त्याचे लक्षण आहे. जीव देहाएवढा असतो. मुंगीत मुंगीएवढा, हत्तीत हत्तीएवढा, दिव्याचा उजेड जसा लहान खोलीत लहान आणि मोठ्या खोलीत मोठा. कर्म म्हणजे इथे पापपुण्याची नुसती नोंद नाही. जैन विचारात कर्म हा पदार्थ आहे, अतिसूक्ष्म धूळ. क्रोध, मान, माया, लोभ यांनी जीव तेलकट झालेला असतो, म्हणून ती धूळ चिकटते. तलावात पाणी येण्याची वाट आधी बंद करायची, मग साचलेले पाणी तापाने आटवायचे. या दोन कामांना संवर आणि निर्जरा म्हणतात. सारे आटले की मूळचा जीव आपल्या पूर्ण ज्ञानासह उरतो. दुसऱ्या कोणाच्या कृपेने हे होत नाही. ज्याचे खाते त्यानेच फेडायचे.

यातून निघणारी एक गोष्ट जंगलाच्या माणसाला लगेच पटावी. माती, पाणी, अग्नी, वारा, झाड यांतही एकाच इंद्रियाचे जीव आहेत. साग तोडणे म्हणजे कोणाच्या तरी खात्यात हात घालणे. खातेदार अगणित मानले की अहिंसा हा आपोआप निघणारा हिशेब होतो. आणि हा खातेदार गोठलेलाही नाही. द्रव्य म्हणून तो टिकतो, पर्याय म्हणून क्षणोक्षणी बदलतो. सोने तेच, आज बांगडी, उद्या अंगठी. 'नित्य की अनित्य' या प्रश्नाला जैन आचार्य 'कोणत्या बाजूने विचारता' असे उलट विचारतात.

तिथून विजासनला जायचे. टेकडीच्या पोटात एक सरळ बोळ आत जाते, सुमारे सत्तर फूट. बाहेरच्या उन्हातून आत शिरले की काही पावले काहीच दिसत नाही. मग डोळे सरावतात आणि टोकाच्या गाभाऱ्यात बसलेले बुद्ध हळूहळू उमटतात. आता काटकोनात निघालेल्या आणखी दोन वाटा दिसू लागतात, त्यांच्या टोकालाही तसेच बुद्ध. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एक आजी आपल्या नातीला तिथे वंदना शिकवत होत्या. आवाज दगडावरून परत येत होता.

बुद्धांचे उत्तर समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, म्हणून त्यावर थांबतो.

सारनाथला पाच साधकांना दिलेल्या दुसऱ्या उपदेशात त्यांनी एक साधी कसोटी ठेवली. जे खरोखर माझे आहे, ते माझे ऐकायला हवे. शरीर ऐकते का? हिवतापाची थंडी भरली की 'थरथरू नकोस' असे सांगून पाहावे. गडचिरोलीत हिवताप पाहिलेल्या माणसाला हे उदाहरण समजावून सांगावे लागत नाही. मग सुखदुःखाच्या वेदना घ्या. वस्तू ओळखणारी संज्ञा घ्या. मनाला वळण लावणारे संस्कार घ्या. जाणीव, म्हणजे विज्ञान, घ्या. रूप धरून हे पाच ढीग. त्यांना स्कंध म्हणतात. पाचांपैकी एकही हुकूम मानत नाही, एकही टिकत नाही. आणि या पाचांबाहेर 'मी' म्हणून बोट दाखवावे असे काही सापडत नाही.

वरोऱ्याच्या आनंदवनाबद्दल वाचताना ही कसोटी मला वेगळ्या बाजूने भेटली. बाबा आमटे यांनी १९४९ साली सुरू केलेल्या संस्थेचे हे घर. कुष्ठरोगात नसा बधिर होतात. चटका बसला तरी कळत नाही, काटा रुतला तरी कळत नाही. म्हणून अशा रुग्णाला रोज आपले हातपाय डोळ्यांनी तपासायला शिकवतात. जे काम वेदना न सांगता करत होती, ते आता नजरेला ठरवून करावे लागते. हात जागेवरच आहे. 'माझा हात' मात्र रोज नव्याने जुळवावा लागतो. 'माझे'पण हा एक आयता दागिना नसून अनेक धाग्यांनी चालू ठेवलेले काम आहे, हे मला कोणत्याही भाष्यापेक्षा या रोजच्या तपासणीतून अधिक समजले.

राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादातले रथाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. आपण आपल्याकडची बंडी घेऊ. चाक म्हणजे बंडी का? आख? जू? साटा? धाव? नाही. सगळे सुटे भाग अंगणात ढीग घालून ठेवले तर ती बंडी का? तेही नाही. या सगळ्यांपलीकडे बंडी नावाची आणखी एक वस्तू आहे का? नाही. तरी बंडी चालते, तीवर धानाची पोती येतात, आणि 'बंडी' म्हटले की सगळ्यांना कळते. नाव कामाचे आहे. नावाच्या आत कोणी बसलेले नाही.

बाराचा रकाना भरलेला, साताची जागा कोरी. असा हा उतारा.

इथे कोणीही विचारेल, आणि मिलिंदानेही विचारले: धनी नाही तर चोराला शिक्षा कशी द्यायची? नागसेनाचे उत्तर आंब्याचे आहे. एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडल्यावर म्हणाला, याने पेरला तो आंबा वेगळा होता, मी नेला तो वेगळा. राजा हे मान्य करणार नाही. कारण चोरलेले फळ पेरलेल्या कोयीपासूनच आले आहे. तीच वस्तू टिकून राहिलेली नाही, पण साखळी तुटलेली नाही. जबाबदारीला अखंड साखळी पुरते, कायमचा धनी लागत नाही.

हे सगळ्या बौद्धांनाही पुरले नाही. वात्सीपुत्रीय आणि सम्मितीय या संप्रदायांनी 'पुद्गल' नावाचा एक व्यक्ती-अंश मानला, स्कंधांहून वेगळाही नाही आणि तेच स्कंधही नाही असा. (जैनांकडे हाच शब्द जड पदार्थासाठी आहे, दोन्ही पोथ्या एकत्र वाचणाऱ्याचा हमखास घोटाळा होतो.) चिनी प्रवासी ह्यूएन त्संग सातव्या शतकात आला तेव्हा सम्मितीयांची संख्या मोठी होती. म्हणजे कोरी जागा पाहून अस्वस्थ होणारे आपण पहिले नव्हे.

त्याच ह्यूएन त्संगाने दक्षिण कोसलाच्या वर्णनात नागार्जुनांची हकीकत दिली आहे. त्या देशाची राजधानी आपल्या चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या परिसरात असावी, असे पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांना वाटले. पुढच्या अभ्यासकांनी दुसरी ठिकाणेही सुचवली. तिबेटी परंपरा नागार्जुनांचा जन्म विदर्भातला मानते, आणि रामटेकजवळची एक टेकडी त्यांच्या नावाने ओळखली जाते. जागेचा वाद राहू द्या. त्यांच्या 'शून्य' या शब्दाचा आपल्याकडे फार चुकीचा अर्थ घेतला जातो. शून्य म्हणजे काहीच नाही, असे ते म्हणत नाहीत. शून्य म्हणजे स्वतःच्या बळावर उभे असलेले असे काही नाही.

हे समजायला आपल्या धानाइतके चांगले साधन नाही. महायानातल्या एका सूत्राचे नावच 'शालिस्तंब' आहे, म्हणजे साळीचे, धानाचे रोप. बुद्धांनी धानाच्या रोपाकडे पाहिले आणि त्यावरून सारा धर्म सांगितला, अशी त्याची मांडणी आहे. बियाण्याला वाटत नाही की मी अंकुर आणतो आहे. अंकुराला वाटत नाही की मला बियाण्याने आणले. माती धरून ठेवते, पाणी ओले ठेवते, ऊब पिकवते, ऋतू वेळ देतो, आणि यांच्यापैकी कोणीही 'हे माझे काम' असे म्हणत नाही. तरी रोप वर येते. मी रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या जुड्या वाहिल्या आहेत. एका जुडीत किती रोपे आणि कोणते कोणत्या दाण्याचे, हे कोणी विचारत नाही. चिखलात लावली की आठ दिवसांत ती हिरवी धरतात. बाबांचे सातातले नाव आणि हे रोप यांत मला त्यानंतर फारसा फरक दिसेनासा झाला, आणि आश्चर्य म्हणजे त्याने दुःख थोडे हलके झाले.

पण उपनिषदांच्या बाजूला न्याय द्यायला हवा. त्यांचा प्रश्न निराळ्या जागेवरून सुरू होतो. हे सगळे बदलते, हे ठीक. पण बदलते आहे हे कोणाला कळते?

चामोर्शी तालुक्यात मार्कंडा आहे. वैनगंगेच्या काठावरचा, कोरीव शिल्पांनी भरलेल्या जुन्या शिवमंदिरांचा समूह. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. सोळाव्या वर्षी मरण लिहिलेला मार्कंडेय शिवलिंगाला मिठी मारून बसला आणि यमाला परत जावे लागले, ही कथा या जागेला जोडलेली आहे. बाबांच्या अस्थी आम्ही इथेच सोडल्या. वैनगंगा बराचसा प्रवास दक्षिणेकडे करते, पण मार्कंड्याला ती वळून उत्तरेकडे वाहते, आपल्या उगमाच्या दिशेला. काठावर उभे राहून मला कठोपनिषदातला विचार आठवला: इंद्रियांची दारे बाहेर उघडतात म्हणून माणूस बाहेर पाहतो, अमृतत्व हवे असलेला एखादा नजर मागे वळवतो.

मागे वळून काय दिसते, यावर पुन्हा मतभेद. सांख्य म्हणते, पाहणारा पुरुष वेगळा आणि जे घडते ती प्रकृती वेगळी. ईश्वरकृष्णाच्या 'सांख्यकारिके'त नर्तकी आणि प्रेक्षकाची उपमा आहे. झाडीपट्टीतल्या माणसाला ती फोडून सांगायला नको. धान निघाले की वडशाच्या मंडळ्या गावोगाव नाटके घेऊन फिरतात, प्रयोग रात्रभर चालतो, आणि पहाटे तिसऱ्या अंकात हिरोईनचे लेकरू मेले की पेंढ्यावर बसलेली अख्खी गर्दी रडते. रडणे खरे असते. पण ज्याच्यासाठी रडलो ते लेकरू पडद्यामागे चहा पीत असते. सांख्याच्या मते पुरुषाची सगळी दुःखे अशी आहेत. बाराचा कागद एका गावचा, साताचा दुसऱ्याच गावचा, चुकून एकत्र टाचलेले. टाचणी काढली की मोक्ष.

शंकराचार्य पुढे जातात. पाहणारे अनेक नाहीत, एकच आहे. पावसाळ्यात आमच्या बांध्यांवरून हे सांगता येते. उन्हाळ्यात प्रत्येक बांधीला आपला धुरा असतो, आणि धुऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे होतात. बोडी फुटून पाणी चढले की धुरे बुडतात, आणि दूरपर्यंत पाण्याचा एकच पट्टा दिसतो. जमीन आधीही एकच होती. धुरे आपण घातले. अद्वैताच्या उताऱ्यावर साताच्या रकान्यात एकच नाव, आणि बाराच्या नोंदी शेवटी पेन्सिलीच्या. ज्ञानेश्वरांना 'अमृतानुभवा'त ही शेवटची गोष्ट इतक्या सहज मान्य नाही. त्यांच्याकडे जग पुसून टाकायचे नाही. ते त्या एकाच चैतन्याचे विलसणे आहे. आणि विदर्भातच रुजलेल्या महानुभाव पंथात चक्रधरस्वामींनी तर जीव आणि परमेश्वर कायमचे वेगळे ठेवले: जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर, चारही अनादी. 'सगळे भारतीय तत्त्वज्ञान शेवटी एकच सांगते', असे जे म्हटले जाते, ते म्हणणाऱ्याने यातले एकही घर आतून पाहिलेले नसते, असे माझे मत आहे.

बुद्ध आणि उपनिषदे यांच्यातला फरक मात्र नीट पकडायला हवा, कारण अर्ध्या वाटेपर्यंत दोघे हातात हात घालून जातात. देह मी नाही, मन मी नाही, विचार मी नाही, इथवर एकमत. मग उपनिषदे म्हणतात, सगळे नाकारून जे नाकारता येत नाही, ते तू. बुद्ध म्हणतात, त्या उरलेल्याचीही मूठ वळू नकोस. तीच शेवटची गाठ आहे.

आता चंद्रपूर. आणि इथे हा वाद पोथीतून बाहेर येतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर चंद्रपूरला आले आणि त्यांनी इथेही दीक्षा दिली. राजाभाऊ खोब्रागडे यांचा त्यामागे मोठा वाटा होता. ती जागा आज दीक्षाभूमी म्हणून ओळखली जाते, आणि दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर तिथे खेड्यापाड्यांतून लोक येतात. त्यानंतर साधारण सात आठवड्यांनीच, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. त्यांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला.

त्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी चार प्रश्न मांडले आहेत. त्यांतला एक आपला प्रश्न आहे: बुद्धांनी आत्मा नाकारला, मग कर्म आणि पुनर्जन्म कसे उरतात? खातेदार नाही तर मागची बाकी पुढे कोण ओढतो? नागसेनाने या प्रश्नाला आंब्याचे उत्तर दिले होते. बाबासाहेबांनी तो प्रश्न पुन्हा उभा केला, आणि का केला हे समजायला विद्वत्ता लागत नाही. ज्यांना गावाबाहेर ठेवले होते, पाणवठ्याला शिवू दिले नव्हते, त्यांना हजारो वर्षे एकच कारण सांगितले गेले: तुमच्या मागच्या जन्मीची बाकी आहे. ज्या कर्जाचा कागद कोणी पाहिला नाही, ज्याचा ऋणको आठवत नाही, ज्याचा सावकार दिसत नाही, त्याची वसुली मात्र या जन्मी या देहाकडून रोज चालू होती.

म्हणून त्यांनी खाते उलगडून टाकले. माणूस मेल्यावर पृथ्वी, आप, तेज, वायू ही तत्त्वे आपापल्या साठ्यात मिसळतात आणि नव्या जुळणीत येतात. पुनर्जन्म आहे तो एवढाच. आत्मा एका देहातून दुसऱ्यात जात नाही. कर्माचा नियम आहे, पण तो समाजाची नैतिक घडी राखणारा. मागच्या जन्मीच्या पापाची सजा या जन्मी वसूल करणारा नव्हे. काही पारंपरिक बौद्धांना ही मांडणी मान्य नाही, आणि त्यांच्याजवळ पाली ग्रंथांचे आधार आहेत. पण प्रश्न कोणी, कुठे उभे राहून विचारला यालाही वजन असते. 'मी कोण' हा ज्याला निवांत बसून विचारता येतो त्याचा प्रश्न एक, आणि 'तू कोण हे आम्ही ठरवले आहे' असे ज्याला सांगितले गेले त्याचा प्रश्न दुसरा. मी दुसऱ्याच्या बाजूने आहे.

दीक्षेच्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. तीही याच विचारातून निघते. पिंड घ्यायला पलीकडे कोणी बसलेले नाही. चंद्रपूरच्या माझ्या शाळासोबत्याचे वडील माझ्या बाबांच्याच वर्षी गेले. आमच्याकडे तेरवी झाली, त्यांच्याकडे पुण्यानुमोदन. मी दोन्हीकडे होतो. त्यांच्याकडे वंदना झाली, मग एकेक जण उठून गेलेल्या माणसाने काय केले ते सांगू लागला: कोणाची फी भरली, कोणासाठी कचेरीत भांडले, विहीर सगळ्यांना कशी उघडली. अनुमोदन म्हणजे मान्यता, 'हे चांगले होते, मलाही हे करायचे आहे' असे म्हणणे. पीक पुढे गेले, नावाचा धनी पुढे गेला नाही. मित्राला मी विचारले, 'तुला कुठेतरी वाटत नाही का, ते आहेत म्हणून?' तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वाटते. पण त्यांनी मला विचार करायला शिकवले, ते वाटण्यापेक्षा मोठे आहे."

आणि ज्यांच्या जंगलात ही सगळी दर्शने नंतर आली, त्यांच्याकडे काय आहे?

गोंडांच्या विचाराला 'श्रद्धा' म्हणून बाजूला ठेवण्याची आणि दर्शनांच्या यादीत न धरण्याची आपली सवय चुकीची आहे. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४०च्या दशकात वर्धा नदीपलीकडच्या आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहून जे लिहून ठेवले, त्यात माणसाची मांडणी दोन घटकांची आहे. एक जीव, म्हणजे जगवणारी शक्ती. ती देवाकडून येते, मरणाने देवाकडे परत जाते आणि पुन्हा कोणा बाळात येते. दुसरा सनाल, म्हणजे गेलेला माणूस, त्याच्या ओळखीसकट. तो पुन्हा जन्माला येत नाही. योग्य विधी झाले की तो आपल्या कुळाच्या पूर्वजांत आणि पेर्सा पेन या कुळदेवात सामील होतो.

हे किती निराळे आहे ते पाहा. जे जन्मोजन्मी फिरते त्यावर नाव नाही. ज्यावर नाव आहे ते फिरत नाही. ते घरच्यांत जाऊन बसते. मागच्या जन्मीची बाकी या जन्मी वसूल करण्याला इथे जागाच उरत नाही, कारण जीवावर खाते नसते. आणि सनालचे खाते एकट्याचे नसते. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा सगांमध्ये, म्हणजे कुळांच्या गटांमध्ये, माणूस जन्मतो. कोणाशी सोयरिक होईल, कोणाच्या मरणात कोणते काम आपले, हे त्यावरून ठरते. 'तू कोण' याचे उत्तर 'कोणाचा' हे आहे. कन्फ्यूशियसच्या परंपरेत माणुसकीला 'रेन' म्हणतात, आणि त्याची चिनी खूण 'माणूस' आणि 'दोन' मिळून होते. एकट्याला माणूसपण पुरे पडत नाही, हा विचार तिथेही पूर्वजांच्या पूजेशेजारीच वाढला.

याला सातबाऱ्याच्या भाषेत सामाईक खाते म्हणता येईल. फरक इतकाच की त्यात मेलेलेही सहहिस्सेदार राहतात. भामरागडकडे माडिया गोंडांच्या गावांजवळ गेलेल्या माणसांसाठी उभे केलेले दगड दिसतात. काही माणसाच्या उंचीचे, काही गुडघ्याएवढे, शेवाळलेले. मी पाहिले त्यांवर काहीही लिहिलेले नव्हते. सोबतच्या शिक्षकांना विचारले, कोणता कोणाचा ते कसे कळते? त्यांनी एकेका दगडाकडे बोट दाखवून नाती सांगितली: हा आजा, हा मोठा बाप, ही आत्या. नावे त्यांनी घेतली नाहीत, आणि मीही विचारली नाहीत.

धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंड गाव ग्रामसभेसाठी देशभर माहीत आहे. निर्णय सर्वसहमतीने घ्यायचे, एकाचाही विरोध असेल तर थांबायचे, ही तिथली रीत. २००९ साली गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या काही गावांमध्ये. पुढे २०१३ साली गावाने ग्रामदानाचा निर्णय घेतला: शेतजमिनीची मालकी गावाची, कसणारे कुटुंब तेच. देवाजी तोफा आणि त्यांच्या सोबत्यांनी हे वर्षानुवर्षे अभ्यासगटात बसून, वाद घालून घडवले. तत्त्वज्ञान म्हणून ते कोणी मांडले नसेल. पण साताच्या रकान्यातले एकट्याचे नाव हा निसर्गनियम नाही, तो बसून बदलता येणारा ठराव आहे, हे त्यांनी सरकारी कागदावर करून दाखवले. शंकराचार्यांचे धुरे पुरात बुडतात. मेंढ्याने आपले धुरे जागेवर ठेवले आणि त्यांचा अर्थ बदलला.

आमच्या घरी असे काही झाले नाही. उताऱ्यावर आता फक्त बहिणीचे आणि माझे नाव आहे. आईच्याही नावाला कंस पडला. गेल्या रोवणीला मी गावी होतो. बाहेरगावच्या रोवणाऱ्या बाया आल्या होत्या, त्यांतली एक धुऱ्यावर उभी राहून विचारत होती, आधी कोणत्या बांधीत उतरायचे. आमचा शेजारी पाण्यातूनच ओरडला आणि त्याने बाबांचे नाव घेतले: त्यांची पहिली, मग बाकीच्या. ती बाई कमरेला पदर खोचून बांधीत उतरली. मी पऱ्ह्यांच्या जुड्या फेकायला लागलो.